ऑटिझम, एडीएचडी आणि दोषारोपांची शंभर वर्षं

मूल अडीच वर्षांचं झालं तरी बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, खेळण्यातल्या गाडीचं चाक तेवढं तासभर फिरवत बसतं. घरात पहिलं वाक्य ठरलेलं: 'मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही उशिरा बोलला होता.' वर्षभरानं दुसरं येतं: 'आईचं लक्ष नाही.' आणि पाचवीतल्या, बाकावर पाच मिनिटं न टिकणाऱ्या मुलाच्या वाट्याला तिसरं: 'हुशार आहे हो, पण वळण नाही.' पहिल्या मुलाला ऑटिझम असू शकतो, म्हणजे संवाद आणि इतरांशी जुळवून घेणं वेगळं घडवणारी मेंदूची अवस्था; दुसऱ्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं, चंचलता आणि आवेग. ही वाक्यं निव्वळ अज्ञानातून आलेली नाहीत. शेवटची दोन तर एकेकाळी नामांकित डॉक्टरांनीच वेगळ्या शब्दांत छापली होती. वैद्यकानं ती मागे घेतली, पण घरांनी आणि शाळांनी अजून घेतलेली नाहीत.

'वळण नाही' हे आधी आलं. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समधल्या व्याख्यानांत अशा मुलांचं वर्णन केलं: बुद्धी शाबूत, पण लक्ष टिकत नाही, आवेग आवरत नाही, शिक्षेचा परिणाम होत नाही. निरीक्षण अचूक होतं. कारण शरीरात असावं, असंही त्यांना वाटत होतं. पण त्यांनी या अवस्थेला नैतिक नियंत्रणातला दोष म्हटलं आणि लक्षात राहिलं ते 'नैतिक' एवढंच.

पुढचं मोठं पाऊल अपघातानं पडलं. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या मेंदूचे एक्स-रे काढत. त्या तपासणीत पाठीच्या कण्यातलं पाणी काढावं लागे आणि नंतर मुलांचं डोकं भयंकर दुखे. त्यावर उतारा म्हणून त्यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखीवर फारसा उपयोग झाला नाही, पण मुलं अभ्यासाला बसू लागल्याचं शिक्षकांच्या लक्षात आलं. १९३७ मध्ये ब्रॅडलींनी ३० मुलांवरची निरीक्षणं प्रसिद्ध केली. एक आठवडा औषध दिल्यावर १४ मुलांच्या शाळेच्या कामात ठळक फरक पडला होता. मुलं त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणत. संस्कार कमी पडले म्हणून मूल असं वागत असेल, तर गोळीनं गणित का सुटावं? हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

एडीएचडीसाठी आज जास्त वापरलं जाणारं उत्तेजक औषध मिथाइलफेनिडेट १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तयार झालं. आपल्याकडे ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, त्यामुळे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये बहुधा मिळत नाही. यावरूनच 'गुंगीचं औषध', 'सवय लागेल' ही भीती पसरते. खरं तर ते गुंगी आणणारं औषध नव्हे, त्याच्या उलट आहे. खरा त्रास भूक मंदावण्याचा आणि झोप लांबण्याचा होतो. म्हणून गोळी सकाळी देतात, बहुधा नाश्त्याबरोबर, संध्याकाळी टाळतात, आणि वजन, उंची, नाडी, रक्तदाब ठरावीक अंतरानं तपासतात. हे न सांगता नुसती चिठ्ठी हातात दिली, की औषध मध्येच बंद होतं.

ऑटिझममधला दोषारोप अधिक क्रूर होता. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांवरचा निबंध प्रसिद्ध केला. ही अवस्था जन्मजात असावी, असं त्यांनी त्यात स्पष्ट लिहिलं. मात्र आईबाप जिव्हाळ्याचे दिसत नाहीत, असाही शेरा मारला. १९४९ पर्यंत तो शेराच मुख्य मुद्दा झाला: ही मुलं जणू फ्रिजमध्ये ठेवली गेली आहेत. १९६७ मध्ये शिकागोत अशा मुलांची निवासी शाळा चालवणारे ब्रूनो बेटलहाइम यांनी आईच्या नकाराची तुलना छळछावणीशी केली आणि पुढची कित्येक वर्षं तपासणी मुलाच्या आधी आईची होऊ लागली.

हे मत खोडून काढायला सुरुवात केली ती पालकांनी. बर्नार्ड रिमलंड हे स्वतः मानसशास्त्रज्ञ आणि ऑटिस्टिक मुलाचे वडील. कारण मेंदूच्या घडणीत आहे, हे त्यांनी १९६४ मध्ये पुराव्यांसह मांडलं आणि पुढच्या वर्षी पालकांची राष्ट्रीय संघटना उभी केली. १९६९ मध्ये त्याच संघटनेच्या सभेत कॅनर यांनी आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. १९७७ मध्ये सुझन फोलस्टाइन आणि मायकल रटर यांनी २१ जुळ्या जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी चारमध्ये दोन्ही मुलं ऑटिस्टिक होती, वेगळ्या जुळ्यांच्या १० पैकी एकाही जोडीत नाही. दोन्ही प्रकारच्या जुळ्यांना आई एकच असते, फरक जनुकांच्या सारखेपणाचा. म्हणून एवढ्या लहान आकड्यांनीही आईवरचा आरोप टिकेनासा झाला.

आरोप संपला मात्र नाही, त्यानं जागा बदलली. १९९८ मध्ये ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफील्ड यांच्या १२ मुलांवरच्या निबंधानं गोवर, गालगुंड आणि रुबेलावरच्या एमएमआर लशीकडे बोट दाखवलं. २०१० मध्ये तो छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं तो मागे घेतला, तोवर अनेक आईबापांनी लस टाळली होती. आता पाळी मोबाइलची आहे. स्क्रीन कमी करणं चांगलंच, पण 'सहा महिने मोबाइल बंद करून बघू' म्हणत तपासणी पुढे ढकलणं महागात पडतं. मूल दीड वर्षाचं झालं तरी बोटानं काही दाखवत नसेल, नावाला प्रतिसाद देत नसेल, तर आधी श्रवणतपासणी, गरज पडल्यास बेरा, म्हणजे आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते मोजणारी चाचणी. सोबत १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीची ऑटिझमच्या प्राथमिक चाळणीची, २० प्रश्नांची एम-चॅट प्रश्नावली भरावी. आठ किंवा अधिक गुण आले तर थेट विकासात्मक तपासणी. तीन ते सात आले तर पाठपुराव्याचे प्रश्न विचारून मग ठरवायचं. प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे; जास्त गुण म्हणजे ऑटिझमच आणि कमी म्हणजे नाहीच, अशी चूक दोन्ही बाजूंनी होते.

एडीएचडीत नेहमीची चूक वेगळी. फक्त शाळेच्या तक्रारीवर किंवा फक्त दवाखान्यातल्या वीस मिनिटांवर निदान केलं जातं. निकष असा की लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून हवीत, सहा महिने टिकलेली हवीत आणि किमान दोन ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेतही, दिसायला हवीत. लक्ष न टिकण्याच्या नऊ किंवा चंचलता-आवेगाच्या नऊ लक्षणांपैकी सहा. १७ वर्षांपासून पुढे पाच पुरतात. गप्प बसून खिडकीबाहेर पाहणारी मुलगी पहिल्या गटात बसते, पण वर्गाला तिचा त्रास नसतो, म्हणून तिला कुणी तपासायला नेत नाही. २०१३ च्या आधी तर अमेरिकी निदानपुस्तिकेनुसार ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन निदानं एका मुलाला देताच येत नव्हती.

भारतात या इतिहासाला कागदपत्रांची जोड मिळाली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. सवलत हवी तर पालकांना मुलाच्या नावावर 'मतिमंद' हे प्रमाणपत्र घ्यावं लागे. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ऑटिझम पहिल्यांदा नावानिशी आला. मोजमापासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेची 'इसा' ही भारतीय मापनश्रेणी २००९ मध्ये आली: सहा विभाग, ४० मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. ७० च्या खाली ऑटिझम नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. शांत खोलीत, एकाच भेटीत, पालकांना नीट न विचारता गुण भरले, तर चांगलं बोलणारं मूल सत्तरच्या खाली जातं आणि त्याच्या हाती काहीच लागत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि ऑटिझम त्यांत आहे, पण अनुसूचीत तो बौद्धिक दिव्यांगत्वाच्या मथळ्याखाली. उत्तम बुद्धी असलेल्या कितीतरी मुलांवर कायद्यानंच चुकीचा शिक्का मारला, हे आमच्या मते दुरुस्त व्हायला हवं. एडीएचडी तर २१ च्या यादीतच नाही. फक्त एडीएचडी असलेल्या मुलाला दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही. सोबत अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितातली विशिष्ट अडचण, असेल, तर तिच्या नावानं मिळू शकतं, तेही वयाच्या आठव्या वर्षानंतर. एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांना वाचन-लेखनाची अडचणही असते, म्हणून तिसरीच्या सुमारास ती चाचणी वेगळी मागून घ्यावी आणि शिक्षकांचे शेरे, जुन्या वह्या, आधीचे अहवाल सोबत न्यावेत.