न्यूमोकोकसमधील प्रतिजैविक-रोध

न्यूमोकोकसमधील प्रतिजैविक-रोध : न्यूमोकोकस (स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनिई) या जीवाणूवर पेनिसिलीन, एरिथ्रोमायसीन, कोट्रायमॉक्साझोल यांसारखी प्रतिजैविके कमी चालणे किंवा मुळीच न चालणे. लहान मुलांत हा जीवाणू कान फुटण्यापासून न्यूमोनिया आणि मेंदूज्वरापर्यंतचे आजार करतो. पण त्याचे नेहमीचे घर फुप्फुस नव्हे, नाक. नाकाची मागची बाजू घशाला मिळते तिथे तो आठवडेच्या आठवडे मुक्काम करतो आणि मूल बहुधा मजेत हुंदडत असते. असे वाहक पाच वर्षांखालील मुलांत पुष्कळ, मोठ्या माणसांत बरेच कमी. रोध टिकतो आणि पसरतो तो या धडधाकट मुलांच्या नाकांत. रुग्णालयात दिसतो तो त्याचा लहानसा भाग.

कानासाठी, तापासाठी किंवा निव्वळ विषाणूमुळे झालेल्या सर्दीसाठी दिलेले औषध नाकातही पोचते. तिथले औषधाला बळी पडणारे जीवाणू मरतात, जागा रिकामी होते आणि तगलेले किंवा शेजारच्या मुलाकडून आलेले रोधी जीवाणू ती बळकावतात. पाळणाघर, बालवाडी, एका खोलीत झोपणारी तीन-चार भावंडे अशा ठिकाणी हा पसारा वेगाने वाढतो. एरिथ्रोमायसीनच्याच गटातले ॲझिथ्रोमायसीन इथे विशेष उपद्रवी ठरते. तीन दिवसांत संपणारे म्हणून ते सोयीचे वाटते. पण शरीरातून ते फार हळू निघते आणि शेवटच्या दिवसांतली त्याची क्षीण मात्रा रोधी जीवाणूंच्याच पथ्यावर पडते.

न्यूमोकोकसला आजूबाजूला पडलेला परका डीएनए उचलून आपल्यात शिवून घेण्याची खोड आहे. फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ मध्ये लंडनमध्ये मेलेल्या जीवाणूंचा गुण जिवंत जीवाणूंत उतरलेला दाखवला आणि १९४४ मध्ये एव्हरी, मॅक्लाउड व मॅकार्टी यांनी तो गुण वाहून नेणारा पदार्थ डीएनए असल्याचे सिद्ध केले, ती हीच खोड. आनुवंशिकीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात हा प्रयोग असतो. रोधाच्या चर्चेत मात्र त्याची आठवण क्वचितच निघते. जीवाणूची भित्ती बांधणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) चिकटून पेनिसिलीन ते बांधकाम थांबवते. या विकरांच्या जनुकांत न्यूमोकोकस स्ट्रेप्टोकोकस मायटिससारख्या तोंडातल्या निरुपद्रवी शेजाऱ्यांचे तुकडे जोडतो. अशा गोधडीसारख्या जनुकांतून तयार होणाऱ्या विकरांना पेनिसिलीन नीट चिकटत नाही.

यातून व्यवहाराच्या दोन गोष्टी निघतात. ठिगळे एकेक करून लागतात, त्यामुळे पेनिसिलीन-रोध पायरीपायरीने चढतो आणि खालच्या पायऱ्यांवर पेनिसिलीनच्याच कुळातल्या अमॉक्सिसिलीनची मात्रा वाढवून त्याच्यावर मात करता येते. दुसरे, न्यूमोकोकस पेनिसिलीन फोडणारे बीटा-लॅक्टमेझ विकर बनवत नाही. म्हणून अमॉक्सिसिलीनला हे विकर निकामी करणाऱ्या क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची जोड दिली तरी न्यूमोकोकसविरुद्ध काडीचा फायदा नाही. मुलाला जुलाब मात्र जास्त होतात. ही जोड उपयोगी पडते ती हीमोफिलस इन्फ्लुएंझी व मोराक्सेला कॅटरॅलिस या नाकातल्याच दुसऱ्या दोन रहिवाशांपुढे. ते हे विकर बनवतात, मोराक्सेला तर जवळजवळ सर्रास. एरिथ्रोमायसीन गटाची गोष्ट आणखी वेगळी. त्यातल्या एका प्रकारात जीवाणू औषध बाहेर उपसतो, दुसऱ्यात औषध जिथे चिकटते ती रायबोसोमवरची (पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रावरची) जागाच बदलतो. दुसऱ्या प्रकारात मात्रा कितीही वाढवा, उपयोग शून्य.

‘रोधी’ हा शब्दही जागेप्रमाणे बदलतो. रक्तातून मेंदूभोवतीच्या द्रवात पेनिसिलीन थोडेच उतरते, फुप्फुसात भरपूर. जीवाणूची वाढ थांबवायला प्रयोगशाळेत किती औषध लागते त्यावरून तो रोधी की संवेदनक्षम (औषधाला बळी पडणारा) हे ठरते. म्हणून अमेरिकी प्रयोगशाळा-मानकांत २००८ पासून दोन वेगळ्या रेषा आहेत. शिरेतून दिलेल्या पेनिसिलीनसाठी मेंदूज्वरात मिलिलिटरमागे ०.१२ मायक्रोग्रॅमपासूनच जीवाणू रोधी धरतात. न्यूमोनियात २ मायक्रोग्रॅमपर्यंतही तो संवेदनक्षम. एकाच जीवाणूचे दोन अहवाल येऊ शकतात आणि दोन्ही बरोबर असतात.

पेनिसिलीन कमी चालणारा न्यूमोकोकस ऑस्ट्रेलियात १९६७ मध्ये नोंदवला गेला, तेव्हा त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. दहा वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत पेनिसिलीनसह अनेक औषधांना न जुमानणारे न्यूमोकोकस रुग्णालयातल्या मुलांत सापडले आणि धाबे दणाणले. आइसलँडमध्ये पहिला रोधी नमुना १९८८ च्या अखेरीस मिळाला. १९९३ पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांच्या घरात गेले. तिथला वाण बहुतांशी स्पेनमधून आलेला होता. मुलांना प्रतिजैविके कमी द्या अशी मोहीम झाली, वापर घटला आणि रोधही उतरला.

‘कोर्स पूर्ण करा’ या सल्ल्यालाही इथे मर्यादा आहे. डॉमिनिकन प्रजासत्ताकाची राजधानी सँतो दोमिंगो इथल्या मुलांवरचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. वजनाच्या दर किलोमागे रोज ९० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलीन पाच दिवस घेतलेल्या मुलांच्या नाकात, ४० मिलिग्रॅम दहा दिवस घेतलेल्यांपेक्षा, रोधी न्यूमोकोकस कमी आढळला. थोडे औषध पुष्कळ दिवस देणे हेच घातक. ड्राय सिरपच्या बाटलीत खुणेच्या वरपर्यंत पाणी गेले, किंवा मापाऐवजी घरातला चमचा वापरला, तरी परिणाम तोच.

भारतातल्या रुग्णालयांत १९९३ ते १९९७ या काळात जमवलेल्या तीनशेहून अधिक नमुन्यांत पेनिसिलीन-रोध नगण्य होता, तोही मध्यम पायरीचा. कोट्रायमॉक्साझोल-रोध मात्र निम्म्याहून अधिक नमुन्यांत. हे स्वस्त औषध न्यूमोनियासाठी गावपातळीवर दिले जाई. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या प्रयोगात गावच्या आरोग्यसेवकांनी आणि सुइणींनी श्वास मोजून ते दिले आणि न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू साधारण निम्म्यावर आले (निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध). प्रयोगशाळेतला रोध आणि मुलाचे दगावणे यांचा हिशोब सरळ जुळत नाही, हे अशा वेळी ध्यानात घ्यावे लागते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने कोट्रायमॉक्साझोलची जागा तोंडावाटे घेण्याच्या अमॉक्सिसिलीनला दिली.

लस हाही रोधावरचा एक उपाय, कारण रोध मोजक्याच सेरोटाइपांत (कवचातील शर्करेवरून ठरणाऱ्या प्रकारांत) एकवटला होता : ६बी, ९व्ही, १४, १९एफ, २३एफ. मुलांच्या नाकात दीर्घकाळ राहणारे हेच, म्हणून औषधाचा मारा यांच्यावरच सर्वाधिक. हे पाचही असलेली सात-प्रकारी लस अमेरिकेत २००० मध्ये आली आणि या प्रकारांचे आजार झपाट्याने घटले. रिकाम्या जागी १९ए शिरला, तोही अनेक औषधांना रोधी. २०१० च्या तेरा-प्रकारी लशीत त्याचा समावेश झाला. भारतात न्यूमोकोकसविरुद्धचे लसीकरण २०१७ मध्ये हिमाचल प्रदेश आणि बिहार-उत्तर प्रदेशच्या काही जिल्ह्यांत सुरू होऊन २०२१ मध्ये देशभर गेले. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा वयांत डोस दिले जातात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या दहा-प्रकारी लशीत १९ए आहे. या लशींबाहेरच्या ३५बीसारख्या प्रकारांत मात्र रोध आढळू लागला आहे.