किर्लोस्कर संगीत मंडळी

किर्लोस्कर संगीत मंडळी : मराठी संगीत नाटकाला आजचे रूप देणारी व्यावसायिक नाटक मंडळी. संस्थापक बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर (३१ मार्च १८४३–२ नोव्हेंबर १८८५). ‘संगीत शाकुंतल’ या मंडळीच्या पहिल्या नाटकाचा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. अण्णासाहेबांच्या पश्चातही मंडळीने तीन दशकांहून अधिक काळ नवी नाटके आणि नवे गवई नट दिले.

पहिला पडदा पुण्यात उघडला म्हणून मंडळी पुण्याच्या खात्यावर जमा झाली. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाचे ऋण मात्र बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकले जाते, आणि हा अन्याय आहे. अण्णासाहेब मूळचे सौंदत्ती तालुक्यातील गुर्लहोसूरचे. घरात मराठी आणि गावात कन्नड अशा दोन्ही भाषा कानांवर पडत ते वाढले. (याच गावात १८६९ साली उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांचाही जन्म झाला.) शिक्षणासाठी ते पुण्यात असताना नाटक मंडळ्यांना पदे रचून देण्याचा नाद लागला आणि अभ्यास मागे पडला. पुढे बेळगावात शिक्षक म्हणून काम करताना त्यांनी ‘भरतशास्त्रोत्तेजक मंडळी’ काढून नाटके केली. ‘श्रीशांकरदिग्विजय’ आणि ‘अलाउद्दीनाची चितूरगडावरील स्वारी’ ही त्यांची शाकुंतलापूर्वीची नाटके. बेळगावातच त्यांना गोविंद बल्लाळ देवल हा विद्यार्थी भेटला. अण्णासाहेबांमागे मंडळी तगली त्यात देवलांचा वाटा फार मोठा आहे.

सीमाभागात नाटकाची ये-जा दोन्ही बाजूंनी होती. कर्नाटकातून सांगलीत आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केले. अण्णासाहेबांचा जन्म नेमका याच वर्षीचा. नंतर मराठी मंडळ्यांचे दौरे हुबळी-धारवाडकडे होऊ लागले आणि तिथल्या प्रेक्षकांवर त्यांची मोहिनी पडली. तेव्हा आपल्या भाषेतले नाटक हवे, या ईर्षेने गदगला कन्नड नाटककार शांतकवींनी कन्नड मंडळी उभी केली. हा इतिहास दोन्ही भाषांनी मिळून घडवलेला आहे आणि तो एकत्रच वाचावा लागतो.

अण्णासाहेबांनी नेमके काय बदलले, हे कळायला भावे यांच्या पद्धतीचा खेळ डोळ्यांसमोर आणावा. सूत्रधार झांज, मृदंगाच्या साथीने पद म्हणे. पात्रे त्यानुसार हावभाव करीत आणि मग आयत्या वेळी सुचेल ते भाषण बोलत. गाणे एकाचे आणि अभिनय दुसऱ्याचा. अण्णासाहेब नोकरीनिमित्त पुण्यात असताना १८८० मध्ये एका पारशी मंडळीचे ‘इंद्रसभा’ त्यांच्या पाहण्यात आले. तसे संगीत नाटक मराठीत करायचे त्यांनी ठरवले, पण मजकुरासाठी ते कालिदासाकडे गेले. भाषणे लिहून पक्की केली आणि पदे ज्याची त्याच्याच तोंडी घातली. दुष्यंताचे दुष्यंताने गायचे आणि शकुंतलेचे शकुंतलेने. मराठी रंगभूमीला गवई नट हवा झाला तो इथून.

आनंदोद्भव नाट्यगृहातील त्या पहिल्या रात्री नाटकाचे चारच अंक झाले. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत, बाळकोबा नाटेकर कण्व आणि शंकरराव मुजुमदार शकुंतला. स्वतः अण्णासाहेबही रंगमंचावर होते. संपूर्ण सात अंकी प्रयोग पुढल्या वर्षी झाला. नाटकात पदे दोनशेच्या आसपास. आजच्या प्रेक्षकाला हा आकडा अफाट वाटेल, पण त्यांतली कित्येक पदे म्हणजे चार ओळींच्या साक्या, दिंड्या किंवा कामदा, म्हणजे छोट्या वृत्तांतली पदे. संवाद चालता चालता त्या येतात आणि कथा न अडवता निघून जातात. गायकाने पद घोळवत बसायचे ही सवय पुढच्या पिढीतली. ‘पंचतुंड नररुंडमालधर’ ही शाकुंतलाची नांदी इतर संगीत नाटकांच्या आरंभीही म्हटली जाते.

या पदांच्या चाली पाहिल्या की त्यामागचा कान कुठे तयार झाला ते कळते. जुन्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचा उल्लेख असे. नटाने तो वाचायचा, ओळखीची चाल आठवायची आणि त्यावर नवे शब्द बसवायचे. त्या उल्लेखांत कीर्तनातली पदे आहेत, लावण्या आहेत, हिंदुस्थानी चिजा आहेत आणि कन्नड पदेही आहेत. अशी मिसळण सौंदत्ती-बेळगावच्या माणसाला मुद्दाम करावी लागत नव्हती. देवळातल्या भजनात आणि जत्रेतल्या खेळात ती रोजच्या कानावरची होती. अण्णासाहेबांचा मोठेपणा असा की त्यांनी ती तशीच रंगमंचावर आणली, शास्त्रोक्त दिसावी म्हणून घासूनपुसून घेतली नाही.

‘संगीत सौभद्र’चे पहिले तीन अंक १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात झाले. सुभद्रेच्या भूमिकेत भाऊराव कोल्हटकर होते. बडोद्याहून आणलेल्या या तरुणाचा उंच, स्वच्छ आवाज ऐकायला माणसे गावोगावहून येत. लोक त्यांना लाडाने ‘भावड्या’ म्हणत. मराठी संगीत नाटकांत सौभद्राइतके खेळकर आणि एकसंध दुसरे नाटक क्वचितच सापडेल. त्यातली भांडणे, रुसवे, थट्टा सगळी मध्यमवर्गी मराठी घरातली आहे, नावे फक्त महाभारतातली. तिसरे नाटक ‘रामराज्यवियोग’ १८८४ मध्ये तीन अंकांपर्यंत आले आणि तेवढ्यावरच राहिले. मधुमेहाने खंगलेले अण्णासाहेब पुढल्या वर्षी गुर्लहोसूरलाच वारले. वय अवघे ४२.

मालक गेला की नाटक मंडळी मोडते, हा त्या काळचा अनुभव. ही मोडली नाही. तालमीची शिस्त आणि हाताशी असलेली दोन पक्की नाटके यांवर तिचा मुक्कामामागून मुक्काम चालू राहिला. नट बदलला तरी पद आणि भाषण ठरलेले असल्याने नव्या माणसाला उभे करता येई. भाव्यांच्या पद्धतीत हे शक्यच नव्हते. देवल तालीम घेत आणि लिहीतही. त्यांचे ‘मृच्छकटिक’ मंडळीने गाजवले. १८९९ मध्ये आलेल्या ‘शारदा’ने जरठ-कुमारी विवाहाच्या जिवंत प्रश्नाला हात घातला. याच सुमारास श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘वीरतनय’ही मंडळीकडे आले आणि चालींचा बाज पारशी वळणावर गेला. १९०१ मध्ये भाऊराव गेले. मुख्य गवई नटाची गादी रिकामी झाली.

ती भरून निघाली १९०५ मध्ये, मिरजेला. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, शकुंतला होऊन प्रथम उभे राहिले. मिरज बेळगावच्याच रेल्वेमार्गावरचे ठाणे. पुणे-मिरज-बेळगाव-लोंढा हा मार्ग झाल्यापासून पडदे, पेट्या आणि बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या मंडळ्यांना हा सारा टापू हाताशी आला होता. शेजारच्या हुबळीत केशवराव भोसले यांनी १ जानेवारी १९०८ रोजी ‘ललितकलादर्श’ स्थापन केली आणि किर्लोस्करांना तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मिळाला.

मंडळीच्या वैभवाचा कळस म्हणजे १२ मार्च १९११ रोजी मुंबईत झालेला कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा प्रयोग. धैर्यधर नानासाहेब जोगळेकर, भामिनी बालगंधर्व, लक्ष्मीधर गणपतराव बोडस. गोविंदराव टेंबे यांनी दिलेल्या चालींनी पदाला मैफलीचे वळण मिळाले. अण्णासाहेबांची चटकन येऊन जाणारी साकी इथे मागे पडली. गाणे श्रीमंत झाले, पण नाटकाची चाल मंदावली, आणि संगीत नाटकाच्या पुढच्या दुखण्याचे मूळ या यशातच आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

थोड्याच काळात जोगळेकर वारले. व्यवस्थापनाशी न पटल्याने १९१३ मध्ये बालगंधर्व, बोडस आणि टेंबे बाहेर पडले व ‘गंधर्व नाटक मंडळी’ निघाली. हा घाव जिव्हारी लागणारा होता. तरीही शंकरराव मुजुमदारांनी, म्हणजे पहिल्या रात्रीच्या शकुंतलेने, कारभार रेटला. राम गणेश गडकरींचे ‘पुण्यप्रभाव’ मंडळीने १९१६ मध्ये केले. दीनानाथ मंगेशकर इथेच नावारूपाला आले आणि १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बाहेर पडून त्यांनी ‘बळवंत संगीत मंडळी’ काढली. फुटलेल्या मंडळीने नव्या मंडळीला नाव दिले ते अण्णासाहेबांचे, बळवंत.

या दुसऱ्या फुटीनंतर मूळ मंडळी पूर्वीच्या तेजाने उभी राहिली नाही. पुढे बोलपटाने सगळ्याच मंडळ्यांचा प्रेक्षक पळवला. नाटके मात्र हौशी संस्थांच्या हाती जगली. बेळगाव १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेले, तरी शहरातली मराठी नाटके थांबली नाहीत. ९५वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन फेब्रुवारी २०१५ मध्ये बेळगावात भरले, आणि अध्यक्षपदी फैय्याज ही गाणारी अभिनेत्री होती.