रविवार ते ‘वीक ऑफ’: एका सामायिक दिवसाची पार्श्वभूमी

जानेवारी २०२५ मध्ये एका बड्या अभियांत्रिकी कंपनीच्या प्रमुखांनी कर्मचाऱ्यांसमोर आठवड्याला ९० तास कामाची अपेक्षा बोलून दाखवली. रविवारी तुमच्याकडून काम करून घेता येत नाही याची खंत वाटते आणि घरी बसून बायकोचं तोंड किती वेळ बघत बसणार, असा त्या बोलण्याचा सूर होता. त्यावर बरेच दिवस गदारोळ झाला. वाद मात्र तासांवरच फिरत राहिला. उत्पादकता, परदेशांशी तुलना, पगाराची दरी, सगळं बोलून झालं. रविवारबद्दल फारसं कुणी बोललं नाही. वास्तविक त्या विधानातला दुखरा भाग तोच होता. घरच्या माणसाकडे नुसतं बघत बसायला वेळ असावा की नाही, हा प्रश्न मुंबईत १४० वर्षांपूर्वी विचारून झालेला आहे.

९० तास सात दिवसांवर वाटले तर रोजचे जेमतेम तेरा तास येतात. गिरण्यांत विजेचे दिवे येण्याआधी यंत्रं उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालत आणि मुंबईत उन्हाळ्याचा दिवस तेरा तासांच्या वर जातो. माप जुनंच आहे.

गिरण्यांच्या आधी आपल्याकडे दर सात दिवसांनी थांबण्याची रीत नव्हती, पण थांबण्याची रीत होतीच. पाठशाळांत प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी अशा तिथींना अनध्याय असे. सुतार, गवंडी अमावास्येला हत्यार हातात घेत नसत. अनेक गावांत आजही घेत नाहीत. बैलाला पोळा होता. आठवडी बाजाराच्या दिवशी शेतातलं काम मागे पडे. या सगळ्या दिवसांत एक गोष्ट समान होती: थांबायचं तर सगळ्यांनी एकदम थांबायचं. एकट्याची विश्रांती ही कल्पनाच त्या जगण्यात बसत नव्हती.

१८५६ मध्ये ताडदेवला पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि तिथी मागे पडून भोंगा आला. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने महिन्याला चार सुट्ट्या दिल्या, पण त्या फक्त लहान मुलांना. मोठ्या माणसांचा त्यात विचारच नव्हता. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला मजुरांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत आणि जखमी मजुराला बरा होईपर्यंत वेतन, अशा त्यातल्या मागण्या होत्या. यादीतली पहिली मागणी पैशाची नव्हती, रविवारची होती. आज तो अर्ज वाचताना मला सगळ्यात जास्त हेच जाणवतं.

मालकांचं उत्तर ठरलेलं होतं. मजूर मनाला येईल तेव्हा खाडे करतात, शिमग्याला कोकणात जातात ते महिना महिना येत नाहीत, मग त्यांना वेगळी सुट्टी कशाला? या युक्तिवादात खाडा आणि सुट्टी एकच धरले आहेत आणि गुंता तिथूनच सुरू होतो. मराठीत या गोष्टीसाठी तीन शब्द आहेत आणि तिन्हींची जात वेगळी आहे. ‘रजा’ मूळ अरबी. तिचा अर्थ संमती. रजा मागावी लागते, कुणीतरी ती द्यावी लागते. ‘खाडा’ म्हणजे मजुरीतली खाच. तो पडतो आणि त्या दिवसाचे पैसे जातात. ‘सुट्टी’ मात्र सुटण्यातून आली आहे. गाय दाव्यातून सुटते, शाळा सुटते, गिरणी सुटते, तशी. सुट्टी एकट्याला लागत नाही. ती अख्ख्या शाळेला, अख्ख्या गिरणीला लागते. ‘मी आज सुट्टी घेतली’ असं आपण सर्रास म्हणतो तेव्हा खरं तर रजा घेतलेली असते. १८८४ च्या मजुरांनी रजा वाढवून मागितली नव्हती. खाडे माफ करा असंही त्यांचं म्हणणं नव्हतं. त्यांना गिरणी सुटायला हवी होती, आणि सगळ्यांसाठी एकाच दिवशी.

तो दिवस रविवारच का, याची दोन स्पष्टीकरणं दिली जातात. सरकारी कचेऱ्या रविवारी बंदच असत, तेव्हा तोच दिवस सोयीचा होता. दुसरं स्पष्टीकरण आपल्या मातीतलं आहे: रविवार हा खंडोबाचा वार. दर वर्षी १० जूनला, म्हणजे ही सुट्टी मान्य झाली त्या तारखेला, फिरणाऱ्या संदेशांत हे दुसरंच असतं. मला दोन्हींत विरोध दिसत नाही. साहेबाचा प्रार्थनेचा दिवस आणि आपल्या देवाचा वार एकाच ठिकाणी पडत असेल, तर मागणी करणारा तो दिवस का सोडील?

२४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीजवळच्या मैदानावर सुमारे दहा हजार मजूर जमले. दोन स्त्रियांनी भाषणं केली. १० जूनला मालकांच्या संघटनेने आठवड्याची सुट्टी मान्य केली. या लढ्याचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचं टपाल तिकीट २००५ मध्ये निघालं. ‘देशाला रविवार मिळाला तो याच दिवशी’ हे संदेशांतलं वाक्य मात्र जपून घ्यायला हवं. त्या दिवशी सुटल्या त्या मुंबईच्या गिरण्या. कायदा आला तो पुढच्या वर्षी. १८९१ च्या दुरुस्तीने आठवड्याची सुट्टी कारखान्यातल्या सगळ्यांना दिली आणि स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली.

पुढे ५५ वर्षांत तास उतरत गेले. १९२२ मध्ये आठवड्याला ६०, १९३४ मध्ये ५४, १९४६ मध्ये ४८. हा भाग सगळीकडे लिहिलेला असतो, म्हणून इथे थांबत नाही. कमी बोललं जातं ते बदली दिवसाबद्दल. १९४८ च्या कारखाना कायद्यात रविवार हा सुट्टीचा दिवस होता, पण त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत दुसरी सुट्टी देऊन रविवारी कामावर बोलावता येई. अट एवढीच की पूर्ण दिवसाच्या सुट्टीशिवाय सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम होऊ नये. भट्टी विझवता येत नाही अशा कारखान्यांसाठी तरतूद रास्तच होती. पण तिच्यामुळे एक गोष्ट कायद्याने मान्य झाली: सातातला एक दिवस हा हक्क, तो सगळ्यांचा मिळून एक असणं हा हक्क नव्हे.

तरीही बराच काळ हा फरक जाणवला नाही, कारण गाव आणि बाजार आपापला दिवस पाळत राहिले. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांचा गुरुवार, दादरच्या दुकानांचा सोमवार. दिवस वेगळा असला तरी त्या पट्ट्यातल्या सगळ्यांना तो एकदम मिळे. गुरुवारी भोसरीत लग्न ठेवलं तर अख्खं खातं जेवायला येई. आणि १९८७-८८ मधल्या रविवारी सकाळी साडेनऊला, दूरदर्शनवरच्या पौराणिक मालिकेच्या वेळी, रस्ते ओस पडत. ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता ते शेजारच्यांच्या उंबऱ्यात बसत. सामायिक सुट्टी म्हणजे काय, हे माझ्या पिढीने त्या तासाभरात पाहिलं.

तोवर गिरण्यांचा भोंगा बंद पडत चालला होता. जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरणगाव पूर्वीसारखं उभं राहिलं नाही. जमिनींवर पुढे मॉल आले आणि मॉलचा मोठा दिवस रविवार. ज्या आवारात पणजोबांच्या पिढीने रविवार मिळवला, त्याच आवारात पणतू रविवारी काउंटरवर उभा असतो.

यानंतरचा निर्णय माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी चर्चेचा आहे. १९४८ चा मुंबईचा दुकाने कायदा सांगे की दुकान आठवड्यातून एक दिवस बंद राहिलंच पाहिजे. २०१७ च्या राज्याच्या नव्या कायद्याने ही सक्ती काढली. दुकान ३६५ दिवस उघडं ठेवता येतं. प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी मिळाली म्हणजे झालं. रोजगार वाढेल, गिऱ्हाइकाची सोय होईल, छोट्या दुकानांचा कागदोपत्री जाच कमी होईल, ही त्यामागची कारणं खोटी नव्हती. कामगाराचा दिवसही हिशेबात कमी झाला नाही. पण आधी दुकान बंद असे. आता दुकान चालूच असतं आणि माणूस पाळीपाळीने वगळला जातो. ‘वीक ऑफ’ हा शब्द इथला. नवऱ्याचा मंगळवार, बायकोचा गुरुवार, मुलांच्या शाळेचा रविवार. कायद्याप्रमाणे घरातल्या प्रत्येकाला पुरेपूर विश्रांती आहे आणि चौघं एका ताटाभोवती बसतात ते गणपतीत. हा बदल झाला तेव्हा संघटनांनी कामाच्या वेळा आणि रात्रपाळी यांवर आक्षेप घेतले. दिवस एक असण्याबद्दल त्यांनीही आग्रह धरायला हवा होता.

याच्या उलट बाजूला २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला. रोजचं काम पाऊण तासाने वाढलं आणि शाळा, दवाखाने, पोलीस बाहेर राहिले. म्हणजे काही घरांना शनिवार-रविवार जोडून मिळाला आणि त्यांच्याच इमारतीच्या रखवालदाराला महिन्याचे मोजके खाडे. २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या एका खासदाराने कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. ते कायदा झालं नाही.

स्त्रियांचा रविवार ही तर वेगळीच नोंद आहे. १८९० च्या सभेत दोघी बोलल्या, पण मिळालेला दिवस घरी आला तो मटणाचं वाटण, आठवड्याचे कपडे आणि पाहुणे घेऊन. गिरणी सुटली, चूल सुटली नाही. आणि जी दुसऱ्यांच्या चुलीवर जाते, तिच्यासाठी २००८ च्या घरेलू कामगार कायद्यात नोंदणी आहे, मंडळ आहे, कल्याणाच्या योजना आहेत. आठवड्याची सुट्टी ती अजून घरोघरी स्वतः ठरवून घेते: महिन्याला दोन, कुठे चार, आणि त्यातही ‘रविवारी नको हं, रविवारी आम्ही सगळे घरी असतो.’

मुंबईची लोकल रविवारी वेगळ्या वेळापत्रकाने धावते आणि दुरुस्तीचा मेगाब्लॉकही रविवारीच असतो, कारण त्या दिवशी शहर घरी आहे असं अजूनही गृहीत धरलेलं आहे. मॉलमध्ये सकाळच्या पाळीला निघालेली माणसं तेव्हा फलाटावर उभी असतात.