हॉल आणि ओट्स : निम्म्या वाट्याचा वाद कुठून आला

'हॉल अँड ओट्स' ही अमेरिकेतली गाजलेली पॉप-रॉक जोडी. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यातल्या डॅरिल हॉलने अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या न्यायालयात आपल्या जोडीदारावर, जॉन ओट्सवर, दावा ठोकला. ओट्स दोघांच्या भागीदारीतला आपला निम्मा वाटा एका संगीत-गुंतवणूक कंपनीला विकायला निघाला होता. आपल्या संमतीशिवाय त्याला तो विकता येणार नाही, असं हॉलचं म्हणणं होतं. न्यायालयाने विक्रीला तात्पुरती मनाई केली आणि मूळ वाद लवादाकडे सोपवला. कागदपत्रं सुरुवातीला सीलबंद होती, त्यामुळे पहिले काही दिवस नुसत्या अफवाच फिरत राहिल्या.

बातम्यांमध्ये एक गोष्ट सतत गुलदस्त्यात राहिली. वाद गाणी कुणी लिहिली याचा नव्हता. गीत-संगीताच्या हक्कांमध्ये खरेदीदार कंपनीचा मोठा हिस्सा आधीपासूनच होता. या भागीदारीकडे होतं ते वेगळंच : ट्रेडमार्क, दोघांची नावं आणि छबी वापरण्याचे हक्क, रेकॉर्डची रॉयल्टी आणि संकेतस्थळं. थोडक्यात, 'हॉल अँड ओट्स' हे नाव चालवण्याचा हक्क. या नावाची राखण दोघांनी आधीही एकत्र केली होती. २०१५ मध्ये ब्रुकलिनच्या एका छोट्या ग्रॅनोला (ओटचा कुरकुरीत नाश्ता) उत्पादकाने जोडीच्या नावाशी मिळत्याजुळत्या नावाचं उत्पादन विकलं, तेव्हा याच भागीदारीने त्याला कोर्टात खेचलं होतं.

हॉलच्या बाजूने बोलणारे म्हणतात की आवाज त्याचा, बहुतेक गाणी त्याची, मग निम्मा वाटा कसला? २०२२ मध्ये हॉलने स्वतःच सांगितलं होतं की ओट्स आपला व्यवसायातला भागीदार आहे, सर्जनातला नाही. मला हे पटत नाही. १९७३ च्या 'शीज गॉन' या गाण्याचं ध्रुवपद ओट्सने आणलं आणि हॉलने त्यावर कडवी रचली. 'मॅनईटर'चं ध्रुवपदही ओट्सचंच. तो ते रेगेच्या, म्हणजे जमैकाच्या संगीताच्या, चालीत घेऊन आला होता, हॉलने त्याला मोटाउन या सोल संगीताच्या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या शैलीतला ठेका दिला. हिशेब मांडायचाच, तर 'किस ऑन माय लिस्ट'चं अर्धं श्रेय हॉलच्या तेव्हाच्या प्रेयसीच्या बहिणीकडे जातं, आणि त्या दोघी बहिणींची नावं पुढच्या अनेक गाण्यांवर आहेत. या गटाचं काम कधीच एकट्याचं नव्हतं.

सुरुवातीचा काळ भराभर सांगता येतो. १९६७ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका कार्यक्रमात टोळ्यांची मारामारी झाली, गोळीबार झाला आणि पळ काढताना दोघांची लिफ्टमध्ये गाठ पडली. पहिला अल्बम १९७२ चा. १९७७ मध्ये 'रिच गर्ल' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि नंतर काही वर्षं मंदीची गेली. खरं वळण आलं ते १९८० मध्ये, 'व्हॉइसेस' या अल्बमच्या वेळी. बाहेरचा निर्माता न घेता दोघांनी निर्मिती स्वतःकडे घेतली आणि दौऱ्यावरचेच वादक स्टुडिओत आणले. १९८१ ते १९८४ या चार वर्षांत पाच गाणी पहिल्या क्रमांकावर पोचली. १९८४ मध्येच अमेरिकी रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेने त्यांना रॉकच्या इतिहासातली सर्वांत यशस्वी जोडी ठरवलं.

त्यातलं 'आय कान्ट गो फॉर दॅट' नीट ऐकण्यासारखं आहे. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत दिवसभराचं ध्वनिमुद्रण आटोपलं होतं. हॉलने रोलंड सीआर-७८ या तालयंत्रातला तयार ठेका लावला आणि ऑर्गनवर बासची, म्हणजे खालच्या सुरांची, ओळ धरली. ओट्सने त्यात गिटारचे मोजके, तुटक सूर भरले. एवढ्यावर गाणं उभं राहिलं. सुरांमध्ये भरपूर मोकळी जागा आहे, म्हणूनच ते नाचाच्या ठिकाणीही चाललं. १९८२ च्या सुरुवातीला ते पॉपच्या यादीत पहिलं आलंच, शिवाय कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या सोल संगीताच्या यादीतही पहिलं आलं. गोऱ्या कलाकारांना हे क्वचितच साधलंय. मायकल जॅक्सनने 'बिली जीन'साठी ही बासची ओळ उचलल्याचं आपल्याला सांगितलं होतं, असं हॉल सांगतो. प्रेमगीत वाटणारं हे गाणं, ओट्सच्या म्हणण्यानुसार, रेकॉर्ड कंपन्या आणि व्यवस्थापकांच्या दबावाला दिलेला नकार आहे.

आजच्या लोकप्रियतेचं मूळ बरंचसं इथेच आहे. हिपहॉपवाल्यांना अशी मोकळी जागा सोन्यासारखी. १९८९ मध्ये डे ला सोल या हिपहॉप गटाने या गाण्याचाच तुकडा आपल्या गाण्यात वापरला, २००३ मध्ये सिम्पली रेड या ब्रिटिश पॉप गटाने त्यावर नवं गाणं बांधलं. २००९ च्या एका चित्रपटातल्या नाचामुळे त्यांचं 'यू मेक माय ड्रीम्स' हे गाणं आलं तेव्हा जन्मही न झालेल्या मुलांपर्यंत पोचलं. २०१४ मध्ये रॉकच्या सन्मान-दालनात त्यांना प्रवेश मिळाला, पण तोवर तरुणांनी त्यांना आपलंसं करून टाकलं होतं.

दौरे २०२२ पर्यंत चालू होते. जुन्या रेकॉर्ड स्ट्रीमिंगवर पुन्हा वाजू लागल्या, गुंतवणूकदार अशा नावांमागे लागले आणि ओट्सच्या निम्म्या वाट्याला गिऱ्हाईक मिळालं. आता दोघे आपापल्या वादकांसह वेगवेगळे दौरे करतात.