आरसीसी लिंटल तपासणी

दार, खिडकी, व्हेंटिलेटर अशा मोकळ्या गाळ्यावर वरच्या भिंतीचं वजन पेलायला जो आडवा तुकडा टाकतात तो लिंटल, आणि तो सळई-काँक्रीटचा (आरसीसी) असला की आरसीसी लिंटल. जुना शब्द म्हणून काही जण गणेशपट्टी सांगतात, पण गणेशपट्टी ही चौकटीची वरची पट्टी, भिंतीचा भार तिने घ्यावा अशी अपेक्षा नसते, त्यामुळे दोन्ही एकच धरू नयेत. देवळाच्या दगडी द्वारशाखेवरचं उत्तरांग त्या मानाने जवळचं. तपासणी म्हणजे माप, सेंट्रिंग (माल ओतायचा तात्पुरता साचा), सळई, माल (ओलं काँक्रीट), पाणी मारणं आणि प्लेटा (साच्याचे पत्रे) उतरवणं यांच्यावर ठेवलेली नजर. यातली सळईची तपासणी माल पडायच्या आधीच होते, नंतर ती कुणाला दिसत नाही, म्हणून या नोंदीत तिलाच जास्त जागा दिलीय.

लिंटल वाकतो तेव्हा त्याचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब छान सोसतं, ताण जवळजवळ नाही, म्हणून मुख्य सळई खाली. आज हे शिकाऊ फिटरलाही माहीत असतं, पण आधी कुणाला कळलं यावर एकमत नाही. बऱ्याच पुस्तकांत मान फ्रान्सच्या जोसेफ मोनिएला दिलेला असतो, कारण लोखंडी जाळीच्या कुंड्यांचं त्याचं पेटंट १८६७ चं. त्याच्याही आधी फ्रान्सच्याच लांबोची लोखंडी जाळी आणि सिमेंटची बोट आहे, साधारण १८४८ ची, पेटंट १८५५ चं. मात्र या दोघांच्या कामात जाळी मुख्यतः आकार धरून ठेवायला होती असं दिसतं. न्यूकॅसलच्या विल्यम विल्किन्सनच्या १८५४ च्या पेटंटात तारेचे दोर आधारावर वर आणि गाळ्याच्या मध्यावर खाली लोंबते दाखवलेत, म्हणजे ताण कुठे येतो याचा अंदाज त्याला असावा. थॅडियस हायटने आपले प्रयोग १८७७ मध्ये छापले, मथियास कोनेनने १८८६ च्या सुमारास लोखंड ताणाच्या बाजूला धरून गणित मांडलं आणि एनबिकच्या १८९२ च्या पद्धतीत रिंगांचा, म्हणजे मुख्य सळयांना वेढणाऱ्या कड्यांचा, पूर्वज येतो. नुसतं काँक्रीटमध्ये लोखंड कुणी घातलं एवढाच प्रश्न असेल तर लांबो किंवा मोनिए चालतील, पण लिंटलच्या दृष्टीने विल्किन्सन आणि हायट यांचा दावा जास्त वजनदार वाटतो.

आता साइटवर. नेहमीचा लिंटल २३० मिमी रुंद, म्हणजे नऊ इंची भिंतीएवढा, आणि १५० मिमी उंच, खाली १० किंवा १२ मिमीच्या दोन सळया, वर ८ किंवा १० च्या दोन, ६ किंवा ८ मिमीच्या रिंगा साधारण १५० मिमीवर, दोन्ही बाजूंना भिंतीवर टेकण किमान १५० मिमी. अर्थात ड्रॉइंगमध्ये जे असेल तेच खरं. टेकण टेपने मोजायचं, आणि ते सेंट्रिंगच्या प्लेटेपासून नव्हे तर विटेच्या कडेपासून, कारण प्लेट विटेवर थोडी चढवलेली असते आणि तिथून मोजलं की आकडा चुकतो.

सर्वात जास्त गोंधळ कव्हरचा, म्हणजे लोखंडाबाहेरच्या काँक्रीटच्या थराचा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय कोडच्या १९७८ च्या आवृत्तीत बीमचं कव्हर मुख्य सळईपासून धरायचं, २५ मिमी किंवा सळईच्या व्यासाइतकं, जे जास्त असेल ते. २००० च्या आवृत्तीत कव्हर सगळ्यात बाहेरच्या लोखंडापासून, म्हणजे रिंगेपासून, आणि ते हवामानावर ठरतं: सौम्य २०, मध्यम ३०, तीव्र ४५ मिमी. ठरलेल्यापेक्षा १० मिमी जास्त चालतं, कमी अजिबात नाही. जुन्या ड्रॉइंगवर शिकलेला माणूस अजूनही सळईपासून मोजतो, आणि ८ मिमीच्या रिंगेपुरता फरक तिथेच पडतो. त्यात याच कोडच्या तक्त्यात उघड्या किनारपट्टीवरचं काँक्रीट तीव्र गटात येतं, म्हणजे कोकणात आणि गोव्यात समुद्राकडच्या भिंतीला ४५ मिमी. १५० मिमीच्या लिंटलमध्ये ४५ कव्हर, ८ ची रिंग आणि १० ची सळई धरली तर परिणामी खोली (वरच्या कडेपासून खालच्या सळईच्या मध्यापर्यंतचं अंतर) जेमतेम ९२ मिमी उरते, २० कव्हरला तीच ११७ असते. ताकद जवळपास पाव भागाने उतरते. म्हणून तिथे लिंटलची उंचीच वाढवायला हवी, कव्हर कमी करून सोय बघणं बरोबर नाही.

प्रत्यक्षात काय दिसतं तर खालची सळई प्लेटेवर आडवी पडलेली असते, विचारलं की फिटर म्हणतो, “साहेब, माल टाकताना उचलतो ना.” मग तो हुकाने सळई उचलून खाली खडीचा खडा सरकवतो, घमेलं ओतलं की खडा निसटतो, सळई परत प्लेटेवर. प्लेट काढल्यावर तळाला गंजाची बारीक रेघ उमटते ती ह्याच सळईची. सिमेंटचे नाहीतर पीव्हीसीचे कव्हर ब्लॉक (सळई उचलून धरणारे ठोकळे) बांधणीच्या तारेने सळईलाच बांधलेले हवेत, नुसते खाली ठेवलेले नकोत. तारेची टोकंही आत वळवलेली हवीत, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो.

लिंटलला छज्जा जोडलेला असेल तर सगळं उलटं. छज्जा बाहेर लोंबतो, ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून त्याची मुख्य सळई वर आणि ती लिंटलच्या पिंजऱ्यात नीट आत वळवून घेतलेली. माल टाकताना मजूर नेमका त्या जाळीवर पाय देतो आणि वरची सळई खाली बसते, वरून माल सारखा केला की कुणाला पत्ता लागत नाही. खाली खुर्च्या (वाकवलेल्या सळईचे आधार) लावून त्यावर सळई बांधणं हा खरा उपाय, पण छज्जासाठी खुर्च्या क्वचितच दिसतात. शिवाय छज्जा उलथू नये म्हणून लिंटलवरच्या भिंतीचं वजन लागतं, तेव्हा वरचं बांधकाम व्हायच्या आधी खालचे टेकू काढायचे नाहीत.

लिंटलवर भार किती येतो यातही दोन पद्धती आहेत. वरच्या भिंतीत कमानीसारखी क्रिया होते, म्हणून फक्त त्रिकोणातल्या विटा धरतात, कुणी ६० अंशांचा त्रिकोण घेतं तर कुणी ४५ चा. १.३५ मीटरच्या गाळ्याला २३० मिमी भिंत धरली तर पहिल्याने साधारण ३४५ किलो येतात, दुसऱ्याने २०० च्या आत-बाहेर. तपासणाऱ्याला ६० चा आकडा जास्त सुरक्षित. पण दोन्ही आकडे वर पुरेशी भिंत आणि बाजूला पुरेसा खांब असेल तरच लागू, स्लॅब लगेच वर बसत असेल किंवा खिडकी कोपऱ्याला चिकटून असेल तर त्रिकोण विसरायचा.

मालाबद्दल आयएस ४५६ मध्ये आरसीसीला किमान एम-२० (२८ दिवसांनी २० न्यूटन प्रति चौ. मिमी ताकदीचं काँक्रीट) सांगितलंय. हाताने मिसळायचा असेल तर नॉमिनल मिक्समध्ये (ठरावीक प्रमाणाच्या मिश्रणात) सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला सगळी खडी-वाळू मिळून २५० किलो आणि पाणी ३० लिटरपर्यंत. क्यूबचं, म्हणजे ताकद तपासायला भरलेल्या ठोकळ्यांचं, गणित इथे जरा गमतीदार होतं. दीड मीटरचा लिंटल म्हणजे ०.०५ घनमीटर, वीस लिंटल मिळून कुठे एक घनमीटर होतो, आणि कोडप्रमाणे १ ते ५ घनमीटरला एकच सँपल, म्हणजे १५० मिमीचे तीन क्यूब २८ दिवसांसाठी. त्यामुळे स्लॅबला आरएमसी (प्लांटमधून तयार येणारं काँक्रीट) आणि क्यूबच्या रांगा, तर लिंटलला गवंड्याने फावड्याने कालवलेला माल आणि क्यूब नाहीच, हे चित्र नेहमीचं. व्हायब्रेटरची सुई एवढ्या अरुंद जागेत बसत नाही म्हणून सळईने कोचतात, ते चालेल, पण टेकणाच्या टोकाशी कोचायचं राहतं आणि हनीकोम (पोकळ, जाळीदार काँक्रीट) तिथेच सापडतो.

पाणी साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला १०. तळाची प्लेट कोडच्या बीमच्या नियमाने ७ दिवसांनी, तीही टेकू लगेच परत लावायचे असतील तर, आणि ६ मीटरपर्यंतच्या बीमचे टेकू १४ दिवसांनी. लिंटलला वेगळा आकडा नाही. छोटा गाळा म्हणून चौथ्या दिवशीच प्लेट पुढच्या खिडकीला नेण्याची घाई सगळीकडे असते.

किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडे लिंटलपेक्षा लिंटल पट्टा हा शब्द जास्त कानावर आला. तो सगळ्या भिंतींवरून सलग फिरतो. त्याच वर्षीच्या आयएस ४३२६ प्रमाणे दोन सळयांचा पट्टा ७५ मिमी आणि चार सळयांचा १५० मिमी जाडीचा, कड्या ६ मिमीच्या १५० मिमीवर. इथे तपासायचं ते कोपऱ्यात, सळई वळून दुसऱ्या भिंतीत पुरेशी गेलीय का. कोपऱ्यात तुटलेला पट्टा भिंतींना एकत्र धरत नाही.

प्लास्टर झाल्यावर शंका आली तर रिबाउंड हॅमर (ठोका परत किती उसळतो त्यावरून ताकद), अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींची चाचणी) आणि कव्हरमीटर (आतली सळई किती खोल आहे ते) एवढंच हाताशी राहतं. हॅमरवरून काढलेली ताकद २५ टक्के इकडे-तिकडे असू शकते हे आयएस १३३११ मध्येच म्हटलं होतं (२०२० मध्ये त्याची जागा आयएस ५१६ च्या भागाने घेतली). सळई वर गेलीय का हे कव्हरमीटर बऱ्यापैकी सांगतो, पण प्लास्टरची जाडी वजा करायची आठवण ठेवून.

तयार म्हणजे प्रीकास्ट लिंटलसाठी आयएस ९८९३ आहे, १९८१ चं. तिथे तपासणी सोपी, कारण तुकडा चारही बाजूंनी बघता येतो. धोका एकच, पातळ तुकड्यांत सळई फक्त खालच्या अंगाला असते आणि दिसायला दोन्ही अंगं सारखीच. म्हणून टाकतानाच ओल्या मालावर खिळ्याने ‘वर’ असं कोरून ठेवतात, आणि भिंतीवर चढवल्यावर ती अक्षरं आभाळाकडे आहेत का एवढं बघायचं.