गळकी महाधमनी झडप आणि पेसमेकरचा रेट

डब्लिनच्या डॉमिनिक कॉरिगन यांनी 1832 मध्ये महाधमनीच्या गळक्या झडपेवर निबंध लिहिला, त्यात या रुग्णांना डिजिटॅलिस हे ठोके मंदावणारे औषध देण्याविरुद्ध बजावले. कारण सरळ होते. ठोके मंदावले की दोन ठोक्यांमधली विश्रांती लांबते, आणि ही झडप गळते ती नेमकी विश्रांतीतच.

रेट, म्हणजे मिनिटाचे ठोके, 60 असताना एका ठोक्याचे 1000 मिलिसेकंद. त्यात आकुंचन साधारण 350, प्रसरण, म्हणजे ती विश्रांती, 650. रेट 90 केला की ठोका 667 वर येतो, पण आकुंचन जेमतेम 300 पर्यंतच आखडते. कात्री लागते ती प्रसरणाला. त्याची मिनिटाची बेरीज 39 सेकंदांवरून 33 वर येते.

1958 मध्ये स्टॉकहोमला सेनिंग आणि एल्मक्विस्ट यांनी पहिला पेसमेकर शरीरात बसवला, तेव्हा रेट ठरलेलाच असे. बाहेरून बदलता येणारी यंत्रे 1970 च्या दशकात रुळली. त्याच सुमारास कॅथलॅबमध्ये (हृदयात नळी घालून तपासायच्या खोलीत) अशा रुग्णांचा रेट पेसिंगने, म्हणजे विजेच्या इशाऱ्यांनी, वाढवून मोजमापे झाली: दर ठोक्यामागची गळती घटली, डावे निलय (हृदयाचा खालचा कप्पा) आटोपशीर झाले, मात्र मिनिटाची एकूण गळती फारशी हलली नाही. म्हणजे फायदा होतो तो फुगलेल्या निलयावरचा ताण उतरण्यात. झडप काही दुरुस्त होत नाही.

2002 मध्ये फ्रान्समधल्या रुआँ इथे डॉ. क्रिबिए यांनी मांडीतल्या रक्तवाहिनीतून महाधमनी झडप बसवली आणि जुना विचार पुन्हा कामाला आला. नव्या झडपेच्या कडेने अचानक मोठी गळती सुरू झाली तर तात्पुरत्या पेसिंग वायरवरून 80 ते 100 पर्यंत रेट ठेवून वेळ काढता येतो.

कायमच्या पेसमेकरमध्ये लोअर रेट (ज्याखाली यंत्र ठोके उतरू देत नाही तो) 10-10 ने वाढवावा. दर पायरीला खालचा रक्तदाब, धाप आणि टू-डी इको पाहावा. स्लीप रेट (रात्रीचा कमी रेट) आणि हिस्टरेसिस (हृदयाच्या स्वतःच्या ठोक्याची जास्त वेळ वाट पाहणारी सोय) चालू राहिले तर दिवसा 80 असलेला रेट रात्री 50 वर उतरतो आणि रुग्ण धाप लागून उठतो. ही चूक सहज नजरेआड होते. शंभरापुढे हृदयस्नायूलाच रक्त कमी पडू लागते, कारण तेही प्रसरणातच मिळते.

उजव्या निलयातून सतत पेसिंग केले की दोन्ही निलयांचा ताल बिघडतो. डीफिब्रिलेटर (घातक ताल शॉक देऊन थांबवणारे यंत्र) बसवलेल्या रुग्णांवरच्या 2002 च्या डेव्हिड चाचणीत रेट 70 ठेवल्याने उजव्या निलयातून वारंवार पेसिंग झालेला गट 40 च्या राखीव पेसिंगवरच्या गटापेक्षा वाईट ठरला. म्हणून शक्य तिथे अलिंदातूनच (वरच्या कप्प्यातूनच) रेट वाढवावा.

मायट्रल झडपेला (डाव्या अलिंद आणि निलयामधल्या) हा हिशेब लावू नये. ती आकुंचनात गळते, आणि 90 ला आकुंचनाची बेरीज 21 सेकंदांवरून 27 वर जाते.