अफुसो घराणे: कागदावर न उतरलेला गळा

जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटांवर जे अभिजात गायन आजही शिकवले जाते, त्याला तिथे 'उता-सानशिन' म्हणतात. 'उता' म्हणजे गाणे आणि 'सानशिन' म्हणजे अजगराच्या कातडीने मढवलेले तीन तारांचे वाद्य. गाणारा आणि वाजवणारा एकच असतो, आणि मान गाण्याचा असतो. वाद्य त्याच्या साथीला. या गायनाच्या दोन घराण्यांपैकी एक अफुसो, आणि ही त्याची गोष्ट.

हे वाद्य चिनी सानशियेनपासून आले. 1429 पासून 1879 पर्यंत इथे र्युक्यू राज्य होते. चिनी सम्राटाचे दूत नव्या राजाला मान्यता द्यायला येत, तेव्हा त्यांच्यासमोर राजधानी शुरीच्या दरबारातील सरदार मंडळीच गात-नाचत असत, आणि त्यामुळे गाणे हा सरदारांच्या शिक्षणाचा भाग बनला. 8-8-8-6 अशा 30 अक्षरांचे एक छोटे कडवे ते गात, पण प्रत्येक अक्षर इतके लांबवत की एका कडव्याला कित्येक मिनिटे लागत.

या गाण्याला लिपी दिली याकाबी चोकी (1716–1775) यांनी. चिनी स्वरलेखनावरून त्यांनी 'कुनकुनशी' रचली आणि तीत 117 गाणी नोंदवली. पानावर वरून खाली अक्षरे येतात आणि प्रत्येक अक्षर तारेवरील एक जागा सांगते. 'कुन' म्हणजे मोकळी पातळ तार, 'शी' म्हणजे मोकळी मधली. म्हणजे 'कुनकुनशी' हे नाव स्वतःच वाजवता येते. मात्र या लिपीत होती ती बोटांची जागा. गळ्याने काय करायचे हे तीत नव्हते, आणि माझ्या मते पुढच्या फाटाफुटीचे मूळ इथेच आहे.

चिनेन सेक्को (1761–1828) यांच्या दोन शिष्यांनी दोन वाटा धरल्या, आणि त्यांतून अफुसो व नोमुरा ही दोन घराणी झाली. अफुसो सेइगेन (1785–1865) यांनी जुनी गायकी धरून ठेवली. तीत गळा तारेला चिकटून चालत नाही. तो किंचित मागे रेंगाळतो, वर उचलला जातो, हळूच खाली सोडला जातो, आणि हे सारे गुरूसमोर बसून, त्याच्या ओठांकडे पाहतच घ्यावे लागते. वीस वर्षांनी धाकटे नोमुरा आनचो (1805–1871) यांनी गायन सुटसुटीत केले. राजा शो ताई यांच्या आज्ञेवरून त्यांनी आपले शिष्य मात्सुमुरा शिनशिन यांच्यासह 1869 मध्ये चौकटी आखलेली कुनकुनशी सिद्ध केली, आणि त्या चौकटींमुळे लय डोळ्यांनी मोजता येऊ लागली.

दहाच वर्षांत जपानने राज्य खालसा केले. दरबार संपला आणि गाणे सामान्य घरांत आले. चौकटीचे पुस्तक हाती असल्याने नोमुरा घराणे भराभर पसरले. 1935 पासून तर त्याच्या पुस्तकांत गळ्याचे चढउतारही रेषांनी दाखवले जाऊ लागले. अफुसो घराणे त्या मानाने लहान राहिले. त्यानेही पुढे आपली कुनकुनशी छापली, पण भर राहिला तो तोंडी शिकवणीवरच. अशी परंपरा माणसे गेली की जाते, आणि दुसऱ्या महायुद्धात, 1945 च्या लढाईत, ओकिनावात माणसे फार गेली. त्यानंतर अमेरिकी सैन्याच्या छावण्यांत लोकांनी रिकाम्या डब्यांना पॅराशूटचे धागे ताणून सानशिन बनवले आणि त्यावर गायले.

2000 मध्ये जपान सरकारने अफुसो घराण्याचे तेरुकिना चोइची आणि नोमुरा घराण्याचे शिमाबुकुरो मासाओ या दोघांना एकाच वर्षी 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला.